चूक टेबलात शोधा: दिव्यांग कामगाराला कामावरच काम शिकवताना

नव्या कामगाराला शेजारी उभं करायचं, "बघ, असं करायचं" म्हणत दोनदा करून दाखवायचं आणि संध्याकाळपर्यंत त्याचा हात बसेल अशी वाट बघायची, ही कामावर शिकवण्याची जुनी रीत. बऱ्याच जणांचं तिच्यावर भागतं, कारण सांगायचं जे राहून गेलं ते ते स्वतःच भरून काढतात. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, आठ मोजता येत नाहीत किंवा ज्याचा एकच हात चालतो, त्याला दर वेळी ही भर घालता येत नाही आणि शिकवण्यातलं भगदाड उघडं पडतं. मग शेरा मिळतो, "याला जमत नाही." काम मुळात कुणी उलगडून दाखवलेलंच नसतं.

इथे एकच साधं काम घेतलं आहे: फर्निचरसोबत द्यायच्या सुट्या भागांचा पॅक भरणं. एका पॅकमध्ये 4 मिमी जाडीचे, 40 मिमी लांबीचे आठ स्क्रू, स्क्रूसाठी भोकात बसवायचे आठ प्लास्टिकचे प्लग, दोन ब्रॅकेट आणि एक अॅलन की (षटकोनी टोकाची वाकडी चावी). पिशवी झिपची. शिवणकाम, डेटा एन्ट्री, गोदामातली मांडामांड किंवा झाडलोट यांनाही हीच पद्धत लागते, फक्त टप्पे बदलतात.

आधी काम उलगडा

शिकाऊ कामगार येण्याच्या आधीच्या आठवड्यात हे काम स्वतः किमान वीस वेळा करा. मग डोळे मिटून करा, मग एका हाताने, मग बसून. जिथे अडाल तिथे खूण करून ठेवा. त्यानंतर हेच काम रोज करणाऱ्या तीन जणांना न बोलता बघा. तिघांची हातोटी वेगळी निघेल. त्यातली एकच निवडा आणि शिकवणाऱ्या सगळ्यांना तीच पाळायला लावा. सकाळी एका सुपरवायझरने स्क्रू आधी भरायला सांगितले आणि दुपारी दुसऱ्याने प्लग आधी, तर शिकणाऱ्याच्या डोक्यात दोन कामं तयार होतात.

पहिल्या खेपेला बहुतेकांचे टप्पे चार-पाचच होतात: "स्क्रू भर, प्लग भर, पिशवी बंद कर." कागद खरा उतरला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. काम माहीत नसलेल्या एखाद्याला तो वाचून दाखवा आणि सांगा, की लिहिलंय तेवढंच कर, पदरचं काही घालू नको. तो अडकला की तिथे टप्पा कमी आहे. असं करत हे काम बारा टप्प्यांवर येतं. प्रत्येक टप्प्यात मुख्य क्रियापद एकच, आणि समोर तो टप्पा झाल्याची खूण:

1. भोकांच्या फळीत स्क्रू लटकव. खूण: एकही भोक रिकामं नाही.
2. ठोकळ्यात प्लग उभे कर. खूण: एकही भोक रिकामं नाही.
3. तीन खणांच्या ताटलीत दोन ब्रॅकेट आणि की ठेव. खूण: तिन्ही खण भरले.
4. पिशवीचं तोंड नरसाळ्याला अडकव. खूण: पिशवी सोडली तरी पडत नाही.
5. फळी नरसाळ्यावर उलटी कर. खूण: खळखळ थांबली.
6. फळी सरळ करून वरून बोट फिरव. खूण: स्क्रूचं डोकं बोटाला लागत नाही.
7. ठोकळा नरसाळ्यावर उलटा कर. खूण: सगळी भोकं रिकामी.
8. ताटली नरसाळ्यात रिकामी कर. खूण: तिन्ही खण रिकामे.
9. पिशवी नरसाळ्यापासून काढ. खूण: पिशवी हातात मोकळी.
10. झिप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चिमटीत दाबत ने. खूण: बोट कडेला पोचलं.
11. पिशवी हलकेच दाब. खूण: हवा निघत नाही.
12. उजवीकडच्या खोक्यात टाक. खूण: टेबल रिकामं.

खुणेचा रकाना सगळ्यात मोलाचा. कामगाराने तुमच्या चेहऱ्याकडे न बघता "झालं" हे कशावरून ओळखायचं, याचं उत्तर त्यात असतं. ज्या टप्प्याला खूण सापडत नाही, तो टप्पा पुढे हमखास त्रास देतो. "घट्ट बसव" याला खूण नाही. "टिक आवाज येईपर्यंत फिरव" याला आहे. शक्य तिथे एकाच टप्प्याला दोन खुणा शोधा, एक डोळ्यांना आणि एक कानाला किंवा बोटांना. मग तोच कागद अंध आणि कर्णबधिर दोघांनाही चालतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांना नवखी माणसं झटपट तयार करावी लागली, तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' या सरकारी कार्यक्रमाने (1940 ते 1945) शिकवण्याच्या चार पायऱ्या घालून दिल्या: कामगाराची तयारी करून घ्या, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा. टप्प्यासोबत कळीचा मुद्दा सांगायचा, हाही त्यांचाच पाठ. आजही बहुतेक ठिकाणी दुसरी पायरी जोरात होते आणि बाकीच्या तीन उरकल्या जातात.

पहिल्या दिवशी काय विचारायचं

आजाराचं नाव विचारू नका, त्यातून टेबल कसं मांडायचं ते कळत नाही. विचारा ते असं: कोणत्या बाजूने सांगितलेलं नीट ऐकू येतं? वाचायला सोपं जातं की ऐकायला? किती वेळ एका जागी बसता येतं? हाताला हात लावून दाखवलं तर चालेल का, की नको? दमल्यावर काय होतं आणि तेव्हा आम्ही काय करायचं? उत्तरं कामगाराकडूनच घ्या. सोबत आलेली आई किंवा भाऊ मध्ये बोलू लागले तरी नजर कामगाराकडेच ठेवा. आपलं शरीर कसं वागतं हे त्याला तुमच्यापेक्षा वीस-तीस वर्षं जास्त माहीत आहे, आणि निम्म्या युक्त्या त्याच्याकडे तयारच असतात.

त्यानंतर एक करून दाखवणं, आणि लगेच विनामदत एक चाचणी. बारा टप्प्यांपुढे बरोबर किंवा चूक एवढीच खूण करा. अडला तर तो टप्पा तुम्ही करून द्या आणि पुढचा त्याला करू द्या, नाहीतर चौथ्या टप्प्याला अडलेल्या माणसाला पुढचे आठ येतात की नाही हे कळतच नाही. फार तर दोन चाचण्या. न येणारं काम तासभर करायला लावलं, तर चुकीची सवय तेवढी पक्की होते. बहुतेकांना पहिल्याच दिवशी पाच-सहा टप्पे येत असतात. शिकवायचे फक्त उरलेले.

शिकवणीचा बराचसा भाग सुताराकडे होतो

आठ मोजता येत नाहीत म्हणून आठ मोजायला शिकवत बसलात तर महिने जातील. त्याऐवजी मोजणी फळीत घाला. 6 मिमी जाडीची प्लायची फळी घ्या, तिला 50 मिमी उंचीचे पाय लावा, आणि 5 मिमीची आठ आरपार भोकं चार-चारच्या दोन ओळींत पाडा. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 30 मिमी ठेवा. याहून जवळ घेतली तर बोटांना जागा उरत नाही आणि शेजारचा स्क्रू धक्क्याने उडतो. 4 मिमीच्या चपट्या डोक्याच्या स्क्रूचं डोकं साधारण 8 मिमी असतं, त्यामुळे स्क्रू डोक्यावर लटकून राहतो. आठ भोकं भरली की आठ स्क्रू झाले.

भोक 4 मिमीच्या जवळ ठेवलं तर आटे प्लायमध्ये अडकतात, फळी उलटी केली तरी एखादा स्क्रू पडत नाही आणि पॅकमध्ये सातच जातात. सहावा टप्पा त्यासाठीच आहे. भोक 7 मिमीचं झालं तर स्क्रू लटकतो खरा, पण वाकडा, आणि खरखरीत कडेत डोकं रुतून बसतं. भोकं पाडल्यावर दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपर मारा. प्लगला डोकं नसतं, म्हणून त्यांना फळी चालत नाही. 6 मिमीच्या प्लगसाठी जाड ठोकळ्यात 8 मिमीची, 15 मिमी खोल भोकं पुरतात. त्यांत भुसा साठतो आणि प्लग उभे राहीनासे होतात. दर पाळीच्या सुरुवातीला ठोकळा उलटा करून आपटणं हे कामाच्या कागदावरच लिहा.

या कल्पनेला मोठा वारसा आहे. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांच्यासमोर 1961 साली एका छोट्या स्विचचा प्रश्न आला. त्यात दोन बटणं आणि दोन स्प्रिंगा, आणि कामगार कधीकधी एक स्प्रिंग बसवायला विसरत. त्यांनी कामगारांना ताकीद देत बसण्याऐवजी एक छोटी ताटली आणवली. आधी दोन स्प्रिंगा ताटलीत काढायच्या, मग बसवायच्या. शेवटी ताटलीत स्प्रिंग उरली असेल तर स्विच अपुरा. हीच पद्धत पुढे पोका-योके (चूक होऊच न देणारी मांडणी) म्हणून जगभर गेली. ते कामगार काही दिव्यांग नव्हते. म्हणजे अशी फळी केली की शेजारच्या टेबलावरचेही ती मागायला येतात, आणि त्यांना ती द्यावीच. एकट्याच्याच टेबलावर असलेलं साधन "त्याच्यासाठीचं" म्हणून ओळखलं जाऊ लागतं आणि मग त्याला ते वापरायची लाज वाटते.

बाकी मांडणी:

ट्रे कामाच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे. सतत लागणारं सगळं कोपर अंगाजवळ ठेवून हात पोचेल इतक्या टापूत, म्हणजे साधारण 35 ते 40 सेंमी. चाकाच्या खुर्चीसाठी टेबलाखाली जमिनीपासून किमान 70 सेंमी मोकळी जागा हवी आणि मध्ये ड्रॉवर किंवा आडवी पट्टी नको. टेबल उंच केलं आणि पट्टी तशीच राहिली, ही नेहमीची चूक.

ट्रेखाली निसरडं होऊ न देणारी रबरी चटई घाला किंवा कडेने पट्ट्या ठोका. एका हाताने काम करणाऱ्याचा निम्मा वेळ पळणारी वस्तू धरण्यात जातो. नरसाळं स्टँडवर पक्कं बसवलं आणि त्याच्या तोंडाशी पिशवी अडकवायला दोन क्लिपा लावल्या, तर दुसऱ्या हाताची गरजच उरत नाही.

करड्या ट्रेमध्ये करडे स्क्रू अल्पदृष्टीच्या माणसाला दिसत नाहीत. ट्रेच्या तळाला काळा किंवा पिवळा कागद घाला, चकचकीत नको. दिवा बाजूने यावा. डोक्यावरच्या दिव्याची तिरीप पिशवीच्या प्लास्टिकवर पडते आणि झिप दिसेनाशी होते.

रंगाचा आणखी एक उपयोग आहे. अमेरिकी संशोधक मार्क गोल्ड यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणांना सायकलचा 15 भागांचा ब्रेक जोडायला शिकवलं. काहींना नुसते भाग दिले. काहींच्या भागांवर, जोडताना जी बाजू समोर यायला हवी तिला रंग दिला. रंग असलेले बरेच लवकर शिकले, आणि पुढे 24 भागांचा ब्रेकही त्यांच्यापुढे ठेवला गेला. भाग उलटा बसण्याची शक्यता असेल तिथे दिवसभर "उलटा नको" म्हणत राहण्यापेक्षा रंगाचा एक ठिपका पुरतो.

दाखवायचं कसं

शिकणाऱ्याच्या शेजारी, त्याच बाजूला बसा. समोर बसलात तर तुमचा उजवा हात त्याच्या डावीकडे येतो. याला एकच सोयीचा अपवाद: तुम्ही उजवे आणि तो डावरा असेल तर समोर बसा, आरशात बघितल्यासारखं जुळतं.

हात चालू असताना तोंड बंद ठेवा. हे सगळ्यांनाच लागू आहे, पण कर्णबधिर कामगाराच्या बाबतीत त्यावाचून शिकवणंच होत नाही. त्याचे डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतात, तुमच्या हातावर किंवा ओठांवर आणि खुणांवर. दाखवा, थांबा, त्याने मान वर केली की सांगा, मग पुन्हा हाताकडे. सांकेतिक भाषेचा दुभाषा असेल तर त्याला काम करणाऱ्या हातांच्या अगदी जवळ उभा करा. सुट्या भागांसाठी सांकेतिक भाषेत बहुधा तयार खुणा नसतात, त्या कामगारासोबत ठरवा आणि शेजारच्यांनाही शिकवा. अॅलन कीची खूण सुपरवायझर एक करतो आणि हेल्पर दुसरीच, असं झालं की चुका वाढतात.

अंध कामगाराला दाखवताना त्याचा हात धरून ओढू नका. तुमचा हात खाली, त्याचा वर. तो हवं तेव्हा हात काढून घेऊ शकतो आणि तुमची बोटं कशी वळतात हे त्याला कळतं. जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगा: स्क्रू नऊवर, प्लग अकरावर, खोकं तीनवर. मग कुणी झाडलोट करताना ट्रे चार इंच सरकवला तर अर्धा तास वाया जातो. म्हणून वर सांगितलेल्या ठोकलेल्या पट्ट्या.

मदत दोन तऱ्हेने देता येते. काम अगदी नवं किंवा धोक्याचं असेल तर आधी पूर्ण मदत आणि मग कमी कमी: हाताला हात, मग नुसता मनगटाला स्पर्श, मग बोटाने दाखवणं, मग काहीच नाही. काम थोडंफार येत असेल तर उलट: आधी थांबा, नाही झालं तर बोट दाखवा, मग सांगा, मग करून दाखवा, आणि सगळ्यात शेवटी हात लावा. तोंडी सूचना सगळ्यांत हलकी वाटते खरी, पण पुढे काढून घ्यायला तीच सर्वात जड जाते. "आता प्लग, आता पिशवी" ऐकून काम करणारा माणूस तुमचा आवाज थांबला की थांबतो. म्हणून शक्य तिथे बोट दाखवा आणि गप्प राहा.

थांबायचं किती? मनात पाच आकडे मोजा. पाच सेकंद ऐकायला थोडे वाटतात, शिकवणाऱ्याला ते फार लांब जातात आणि तिसऱ्याच सेकंदाला हात पुढे होतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असणं) असलेल्या कामगाराला नुसती हालचाल सुरू करायलाच दहा-पंधरा सेकंद लागू शकतात. त्याने सुरू केलेलं असतं, तुम्हाला ते दिसलेलं नसतं.

लांबलचक कामांसाठी शेवटाकडून शिकवणं ही फार उपयोगी युक्ती आहे. पहिल्या दिवशी अकरा टप्पे तुम्ही करा आणि भरलेली पिशवी त्याच्या हातात द्या. त्याने खोक्यात टाकायची. पॅक त्याने पूर्ण केला! पुढे हवा तपासणं, मग झिप, असं मागे मागे या. दर वेळी त्याचं काम पूर्ण मालावर संपतं, आणि नवा टप्पा नेहमी ओळखीच्या टप्प्यांच्या आधी जोडला जातो, त्यामुळे तो पार पडला की पुढचा रस्ता पायाखालचा असतो. यात शिकवणाऱ्याचे पहिले दोन-तीन दिवस पूर्ण जातात, ते आधीच मंजूर करून घ्या. पहिल्या टप्प्यापासूनच मशिन चालू होतं आणि मध्ये थांबत नाही, अशा ठिकाणी ही युक्ती वापरता येत नाही.

चित्रांची चिठ्ठी करायची असेल तर फोटो त्या कामगाराच्याच हातांचे, त्याच टेबलावर काढा, खांद्यावरून खाली बघत. एका फोटोत एक टप्पा. व्हिडिओ प्रत्येक टप्प्याचा वेगळा, वीस-तीस सेकंदांचा. पाच मिनिटांच्या सलग व्हिडिओत हवी ती जागा सापडत नाही. ज्याला वाचता येत नाही पण ऐकू येतं, त्याच्याकडून त्याच्याच आवाजात टप्पे रेकॉर्ड करून घ्या. स्वतःच्या शब्दांत सांगताना कुठला टप्पा कळला नाही तेही उघड होतं. टप्पे तालावर म्हणत काम करण्याचा उपयोग होतो, पण तपासणीच्या टप्प्यावर तो तोडा. ताल धरला की हात थांबत नाही, आणि तपासताना तर थांबायचं असतं.

चूक झाली की

"अरे, चुकलं!" म्हणेपर्यंत चूक पूर्ण झालेली असते. हात चुकीच्या ट्रेकडे वळताच तो ट्रे तळहाताने झाका, योग्य ट्रेकडे बोट दाखवा, त्याने बरोबर घेतलं की पुढे जाऊ द्या. चूक होऊनच गेली तर शेवटच्या बरोबर टप्प्यापर्यंत मागे या आणि तिथून पुन्हा. बोलणी नकोत, आणि दर टप्प्याला "शाब्बास"ही नको. शाबासकीची वाट बघत हात थांबू लागतो. पॅक पूर्ण झाल्यावर नेमकं एक वाक्य पुरे: "आज झिप दर वेळी कडेपर्यंत गेली."

एकाच टप्प्यावर तीन वेळा चूक झाली की शिकवणं थांबवा आणि टेबल तपासा. चुकांचे काही नेहमीचे पत्ते आहेत. झिप अर्धवट राहते: कडेपर्यंत पोचल्याचं बोटाला कळत नाही, तिथे टेबलाच्या कडेला एक खाच करून पिशवी खाचेतून ओढायला द्या, किंवा रुंद झिपची पिशवी मागवा. ब्रॅकेट जास्तीचा जातो: दोन ब्रॅकेट एकावर एक चिकटून एका खणात बसतात, खण उथळ करा. सकाळी ठीक, दुपारी चुका: थकवा, औषधाची गुंगी किंवा नुसता आवाज. कोणत्या वेळेला चूक झाली ते लिहिलं असेल तरच हे सापडतं. फक्त शुक्रवारी चुका होत असतील तर त्या दिवशी कोण शिकवतं ते बघा.

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) कामगारासोबत शब्द जपून वापरा. "जरा लवकर कर", "नीट ठेव", "थोडं इकडे बघ" यांना अर्थच नसतो. "बाराच्या आत हे खोकं भर" याला असतो. क्रम किंवा जागा बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा आणि नव्या मांडणीचा फोटो द्या. कानावर येणारा आवाज कमी करणं हे लाड नव्हेत. कंप्रेसरशेजारचं टेबल बदललं की निम्म्या चुका जातात असंही होतं.

संगणकावरचं काम असेल तर सुतारकाम सॉफ्टवेअरमध्येच असतं. एका हाताने टाइप करणाऱ्यासाठी विंडोजमध्ये शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की स्टिकी कीज सुरू करण्याचं विचारलं जातं; मग कंट्रोल आणि सी एकदम न धरता एकामागून एक दाबता येतात. हात थरथरत असेल आणि एक अक्षर चार वेळा उमटत असेल तर उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून फिल्टर कीज सुरू करा, म्हणजे चुकून पुन्हा पुन्हा दाबली गेलेली कळ धरली जात नाही. अंध कामगारासाठी एनव्हीडीए हे स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मोफत मिळतं. पण आधी एक गोष्ट तपासा: तुमच्या कंपनीचा स्वतःचा डेटा एन्ट्रीचा फॉर्म माउसशिवाय, नुसत्या टॅबने पहिल्या रकान्यापासून 'सेव्ह'पर्यंत भरता येतो का? येत नसेल तर शिकवणं सुरू करण्याआधी फॉर्म दुरुस्त करून घ्या. तिथे शिकणाऱ्याच्या हातात काहीच नसतं.

वेग नंतर

आधी बरोबर, मग भरभर. दहा पॅक, एकही चूक नाही, एकही मदत नाही, आणि हे तीन वेगवेगळ्या दिवशी: एवढं झाल्याशिवाय घड्याळ बाहेर काढू नका. घड्याळ आधी आलं की सहावा आणि अकरावा हे तपासणीचे टप्पे सर्वात आधी गळतात, कारण ते गाळले तरी माल तयार दिसतो.

वेग वाढवताना आख्ख्या कामावर जोर लावू नका. टप्प्यागणिक सेकंद मोजा. बारांपैकी एक-दोन टप्पेच वेळ खात असतात, बहुतेक वेळा पहिला. मग आठ स्क्रू भरलेल्या पाच फळ्या आधी तयार ठेवायच्या आणि पाच पॅक सलग करायचे. आकड्यांचा तक्ता त्याच्या स्वतःच्या कालच्या आकड्यांशी लावा, भिंतीवर सगळ्यांच्या नावांसोबत नको. आणि शिकताना भरलेले चांगले पॅक विकले जात असतील, तर त्या दिवसांचं वेतन "प्रशिक्षण चालू आहे" म्हणून कापणं ही शुद्ध लबाडी आहे.

स्वतःला मागे घेणं

शिकवणाऱ्याने निघून जाण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहावी. अंतर पायरीपायरीने वाढवा: हाताच्या अंतरावर, दोन मीटर मागे, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराबाहेर. प्रत्येक पायरीवर दहा पॅक बिनचूक झाले तरच पुढची. या काळात तुमची नजर पॅककडे ठेवा, कामगाराच्या चेहऱ्याकडे नको. तुमची मान डोलणं हीसुद्धा मदत असते, आणि ती तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसते.

पहिल्या आठवड्यापासूनच शेजारच्या टेबलावरच्या कुणाला तरी रोज एक टप्पा शिकवू द्या. प्लग संपले तर शिकणारा कामगार कुणाला सांगेल? तुम्हाला, असं उत्तर असेल तर शिकवणं अपुरं आहे. नेमकी ती अडचण मुद्दाम घडवून सराव करा, पण आधी सांगून: आज ट्रेमध्ये सातच प्लग आहेत, काय करायचं ते करून दाखव. याच पद्धतीने चुकीच्या मापाचा स्क्रू, फाटकी पिशवी, दुसऱ्याने हलवलेला ट्रे. धोक्याच्या भोंग्याचा सराव तर पहिल्याच दिवशी. कर्णबधिर कामगारासाठी लुकलुकणारा दिवा त्याच्या टेबलावरून दिसायला हवा, आणि त्याची पाठ दाराकडे नको. अंध कामगाराला बाहेरचा रस्ता पावलं आणि वळणं मोजून दोन्ही वाटांनी चालवा.

मानसिक आजारातून सावरणाऱ्या कामगारासोबत थांबण्याची एक खाजगी खूण ठरवा, उदाहरणार्थ लाल ठोकळा टेबलाच्या कडेला ठेवणं. ठोकळा दिसला की दहा मिनिटं कुणी काही विचारायचं नाही. ही खूण वापरली म्हणून नंतर चौकशी झाली, तर ती पुन्हा कधीच वापरली जात नाही.

शेवटची चाचणी म्हणून कामगाराला हे काम पुढच्या नव्या माणसाला शिकवायला सांगा, मग तो नवा माणूस दिव्यांग असो वा नसो. शिकवताना जो टप्पा कामगार गाळेल, तो त्याच्या हातात अजून बसलेला नाही. पुढे भेटी एक आठवडा, एक महिना आणि तीन महिन्यांनी, प्रत्येक वेळी त्याच बारा टप्प्यांच्या कागदावर. आणि मालाचं माप बदललं, आठाचे दहा स्क्रू झाले, तर जुनी फळी त्याच दिवशी टेबलावरून उचला. दोन भोकं नंतर पाडू म्हणून ती तिथेच राहिली, तर आठचेच पॅक भरले जातात.